नासपतीच्या उतारावरचे लोखंड

मित्रांनो, मी एक जुनी शोधकाठी आहे. माझ्या टोकाला ताटाएवढी काळी तबकडी आहे, मधे दांडा आहे आणि वर माणसाचा कोपर टेकवायला पन्हळीसारखी बैठक आहे. ही तबकडी जमिनीलगत इकडून तिकडे झुलवत नेली, की मातीखाली दडलेल्या धातूची चाहूल मला लागते आणि मी माणसाच्या कानात बोलू लागते. सध्या माझा मुक्काम ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातल्या मरॅनबुल गावी, ऊना ट्रेलोर नावाच्या बाईच्या स्वयंपाकघरात, दारामागच्या खुंटीवर आहे. तेथे शेगडीची ऊब लागते. पूर्वी मी मागच्या शेडमध्ये लोंबकळत असे. तेथून येथवर मी कशी आले, ते तुम्हांला सांगते.

माझा जन्म शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तेथे एक प्रौढ बाई खिडकीपाशी बसून तांब्याच्या बारीक तारेचे वेढे गुंडाळत असे. एक वेढा सैल पडला की सगळे उलगडून ती पुन्हा आरंभ करी. तिच्या त्या चिकाटीचा काही अंश माझ्यात उतरला असावा, असे मला आपले वाटते.

मला विकत घेतले क्लेम ट्रेलोरने. क्लेम मेंढ्यांची लोकर कातरण्याचे काम करी. उंच, वाकलेल्या पाठीचा, कमी बोलणारा माणूस. वर्षभर तो मेंढ्यांपुढे वाकून उभा असे आणि हिवाळ्यातल्या रविवारी पाठ सरळ करायला म्हणून मला घेऊन रानात जाई. तेथेही वाकूनच चालावे लागते, हे ऊनाने त्याला अनेकदा सुनावले होते.

आमच्याकडे हिवाळा म्हणजे जून, जुलै आणि ऑगस्ट. उन्हाळ्यात इथली जमीन विटेसारखी टणक होते, गवत गुडघ्यावर चढते आणि त्या गवतात साप असतात. हिवाळ्यात साप बिळात झोपतात, गवत मेंढ्यांनी कुरतडून टाकलेले असते आणि पाऊस मातीत मुरलेला असतो. ओल्या मातीतून मला खोलवरचे ऐकू येते. म्हणून ज्या दिवसांत शहाणी माणसे शेगडीपाशी बसतात, त्याच दिवसांत आमच्या छंदाची माणसे गोठलेल्या दहिवरावर बूट करकरवत निघतात. नाक लाल, बोटे बधिर आणि खांद्यावर माझ्यासारखी एखादी काठी.

माझ्या डोक्यावर तीन बटणे आहेत. त्यांतले मधले फिरवले की मी लोखंडापुरती बहिरी होते. हे बटण मोठे सोयीचे मानले जाते. आमच्या टेकड्यांवर एके काळी सोन्यासाठी हजारो माणसे तंबू ठोकून राहिली होती. ती गेली, पण त्यांचे खिळे, तारा, डबे आणि घोड्यांचे नाल मातीत राहिले. प्रत्येक खिळ्यासाठी खणत बसले तर हिवाळा पुरायचा नाही. म्हणून नवशिक्याला पहिला धडा हाच देतात, की लोखंड बंद कर. क्लेमने तर ते बटण एकदा फिरवून त्यावर चिकटपट्टीच लावून टाकली.

दुसरा धडा असा, की खणलेला खड्डा बुजवायचा, वरची गवताची ढेप होती तशी बसवायची. उघड्या खड्ड्यात मेंढीचा पाय मोडतो आणि मग शेतकरी फाटक कायमचे बंद करतो. तिसरा धडा, खणून काढलेला कचरा तिथेच टाकायचा नाही, बरोबर घेऊन जायचा. क्लेम हे दोन्ही नियम देवाच्या आज्ञेसारखे पाळी. त्याने खणलेली जागा त्याची त्यालाही पुन्हा सापडत नसे. कमरेच्या पिशवीत सापडलेल्या मौल्यवान वस्तू एका कप्प्यात आणि कचरा दुसऱ्यात. घरी आल्यावर पहिला कप्पा बहुधा रिकामा असे.

तरी एका जुलैमध्ये आम्हांला मसुराच्या दाण्याएवढे सोने मिळाले. क्लेमने ते तळहातावर घेऊन साऱ्या गल्लीला दाखवले. माझ्या तबकडीवरून हात फिरवत तो म्हणाला, “माझी म्हातारी बोलली बरं का.” तेव्हा ऊना म्हणाली, की दुसरी म्हातारी इतकी वर्षे बोलते आहे, तिच्याकडे कधी असा कान लावला नाहीस. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

ऊनाही पुष्कळदा आमच्याबरोबर येई, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात खजुराचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, घेऊन. गावाबाहेर नासपतीचा उतार म्हणून एक मोकळे कुरण आहे. वर मध्यावर एका जळालेल्या घराची चूल आणि धुराड्याचे दगड पडलेले आहेत, आणि त्यांच्या खालच्या अंगाला एकच जुने नासपतीचे झाड. ते घर ऊनाच्या आईवडिलांचे. ती तेथेच जन्मली, पण रानवणव्यात घर गेले तेव्हा ती पाळण्यात होती. मग कुटुंब गावात आले आणि जमीन विकली गेली. जुन्या घराभोवती नाणी सापडतात, म्हणून क्लेमला तो उतार आवडे. आम्ही तो कितीतरी हिवाळे पालथा घातला.

पुढे हलक्या वजनाची, पडद्यावर आकडे दाखवणारी नवी यंत्रे आली. क्लेमच्या मित्रांनी मला पाहून हसायला सुरुवात केली. मग क्लेमचा गुडघा गेला, आणि काही वर्षांनी क्लेमच गेला. मला कुणीतरी शेडमध्ये टांगले. कोळ्यांनी माझ्या बैठकीत घर केले. मित्रांनो, विसरले जाणे काही एकदम होत नाही. आधी लोक म्हणतात की पुढच्या रविवारी जाऊ, आणि मग कुणी काहीच म्हणत नाही.

एका मे महिन्याच्या अखेरीस शेडचे दार उघडले आणि ऊनाने मला खाली काढले. तिने कोळी झटकले, नवे सेल घातले, तबकडी ओल्या फडक्याने पुसली. एकटे राहून तिला मोठ्याने बोलायची सवय लागली होती, त्यामुळे काय झाले ते मला तिच्याच तोंडून कळले.

ऊनाचा थोरला भाऊ एर्नी गावातल्या वृद्धनिवासात असतो. ऊना दर रविवारी त्याच्याकडे जाते. त्या रविवारी तिने सहज बातमी सांगितली, की नासपतीचा उतार रेन्झो पासिनी नावाच्या माणसाने घेतला आहे आणि तो तेथे द्राक्षे लावणार आहे. त्यासाठी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मोठा नांगर येणार आणि सगळा उतार माणसाच्या मांडीएवढा खोल फाडणार. एर्नीने स्कोन खाली ठेवला.

“मग तिचं काय?” त्याने विचारले.

“कुणाचं?”

“बाळाचं. आपल्या.”

ऊनाच्या आधी आईला एक मुलगी झाली होती आणि ती डांग्या खोकल्याने गेली, एवढे ऊनाला ठाऊक होते. गावच्या दफनभूमीत एखाद्या कोपऱ्यात तिला पुरले असेल, असे ती धरून चालली होती. आई त्याबद्दल कधी बोलली नव्हती. एर्नीने सांगितले, की त्या हिवाळ्यात ओढ्याला पूर आला होता, गावाकडे जायचा रस्ताच नव्हता. बाबांनी बाळाला उतारावरच पुरले. वॉम्बॅट, म्हणजे इथले बिळात राहणारे जाडजूड प्राणी, जमीन उकरतात, म्हणून तिची लोखंडी खाट कठड्यासकट त्या जागेवर उभी केली आणि तिचे चारही पाय घणाने मातीत खोल ठोकले. एर्नी तेव्हा सात वर्षांचा. खाटेची कड धरून तो उभा होता.

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“तुला माहीत नव्हतं?” एर्नी खरोखरच चकित झाला. “अगं, तू आणि क्लेम दर हिवाळ्यात तिथे जात होतात. मला वाटलं, तिलाच भेटायला जाता.”

दुसऱ्या दिवशी ऊना रेन्झोकडे गेली. तो चाळिशीचा, भुवया जाड, मन भले. पण नांगराचा दिवस ठरलेला, रोपांची मागणी दिलेली. त्याने सगळे ऐकून घेतले. सगळा उतार मला सोडता यायचा नाही, तो म्हणाला, पण जागा दाखवा, तेवढी मी सोडतो. तोपर्यंत फाटक तुमच्यासाठी उघडे आहे. ऊनाने मान डोलावली आणि घरी येऊन मला खाली काढले. तिला सत्त्याहत्तरावे लागले होते.

पहिल्या सकाळी ती क्लेमसारखीच चालली. तबकडी खाली, पावले लहान, कानांवर हेडफोन. दुपारपर्यंत आम्हांला एक पितळी बटण आणि बाटलीचे झाकण मिळाले. चुलीच्या दगडावर बसून चहा पिता पिता तिचे लक्ष माझ्या डोक्याकडे गेले. ती बराच वेळ त्या चिकटपट्टीकडे पाहत राहिली.

“खाट लोखंडाची,” ती स्वतःशी म्हणाली, “आणि मी लोखंड बंद करून फिरतेय.”

तिने नखाने पट्टी खरवडून काढली आणि बटण उलटे फिरवले. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. सोने बोलते तेव्हा माझा सूर गोड आणि सलग निघतो. लोखंड मात्र गुरगुरते, खरखरते, तुटक तुटक ओरडते. इतकी वर्षे तोंड दाबून ठेवलेला सगळा उतार एकदम ओरडू लागला. जळालेल्या घराचे खिळे, छपराचे पत्रे, बिजागऱ्या, तारा. पावलागणिक गुरगुर. ऊनाने हेडफोन काढून कान चोळले आणि पुन्हा चढवले.

खणत बसण्यात अर्थ नव्हता. तिने एक युक्ती काढली. घरातल्या विणकामाच्या पेटीतली लाल लोकर आणली, तिचे तुकडे बांबूच्या काड्यांना बांधले, आणि जेथे जेथे मी लोखंड ऐकले तेथे तेथे एक काडी टोचली. आकार दिसायला हवा होता. खाटेच्या मापाचा चौकोन. बाकीचे लोखंड कसेही विखुरलेले असणार, पण चार पाय रांगेत असणार.

सारा जून असा गेला. सकाळी गवत पांढरे असायचे आणि तिच्या श्वासाची वाफ माझ्या दांड्यावर गोठायची. थंडीत माझे सेल लवकर दमतात. म्हणून जोडीचे सेल ती लोकरीच्या बनियनमध्ये, पोटाशी धरून ठेवी आणि अर्ध्या दिवसानंतर बदली. काही दिवस पाऊस इतका तिरका येई की तिला समोरची काडी दिसत नसे. तरी ती मला प्लॅस्टिकच्या पिशवीची टोपी घालून चालवीत राही. एकदा चिखलात तिचा पाय घसरला आणि ती माझ्यासकट आडवी झाली. पडल्या पडल्या तिने आधी माझी तबकडी चाचपली, मग स्वतःचे मनगट.

रेन्झो कधी कधी फाटकातून वर येई. एकदा त्याने आईच्या हातचे घेवड्याचे गरम सूप डब्यातून आणले. लाल काड्यांनी भरलेल्या उताराकडे पाहून तो म्हणाला, “ट्रेलोरबाई, माझ्या द्राक्षांआधी तुमचंच पीक आलं की.”

“पीक आलंय, पण काढण्याजोगं नाही,” ऊना म्हणाली आणि सूप प्यायली.

तिने सांगितले नाही, पण ती खचत होती, हे मला तिच्या हातावरून कळे. झोका आखूड पडू लागला की समजावे. आणि दर रविवारी एर्नी काही वेगळेच सांगे. कधी कबर आईला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची, कधी ती नासपतीच्या पलीकडे होती, कधी अलीकडे. शेवटी जुलैच्या मध्यावर ऊनाने मला वृद्धनिवासात नेले, त्याची आठवण जागी व्हावी म्हणून. मी त्याच्या पलंगाला टेकून उभी होते, त्यामुळे ते भांडण मी स्वतः ऐकले.

“झाड तुझ्या कुठल्या हाताला होतं, एर्नी?”

“डाव्या. शंभरदा सांगितलं.”

“पण तोंड कुठे होतं तुझं?”

“बाबांकडे.”

“आणि बाबा कुठे होते?”

“माझ्यासमोर. दुसरीकडे कुठे असणार?”

“देवा, मला बळ दे,” ऊना म्हणाली. “घर तुझ्यासमोर होतं की पाठीमागे?”

एर्नी उत्तर द्यायला निघाला आणि थांबला. त्याचा हात हवेतच खाटेची कड धरल्यासारखा झाला.

“पाठीमागे,” तो हळू म्हणाला. “आई खिडकीत उभी होती. बाबा म्हणाले होते, मागे वळून बघू नकोस.”

मग ऊनाने त्याच्या गुडघ्यावरचे पांघरूण नीट केले. शोकाला आलेली माणसे आईकडे तोंड करून उभी असतील, असे धरून ती आजवर झाडाच्या चुकीच्या बाजूला शोधत होती.

दुसऱ्या दिवशी तिने गाडीतून स्वयंपाकघरातली खुर्ची नेली. चुलीच्या दगडांवरून अंदाज बांधून, जेथे मोरी आणि तिच्यावरची खिडकी असायला हवी तेथे ती मांडली आणि बसून राहिली. खालच्या अंगाला झाड, झाडाच्या उजवीकडे सपाट जागा. भांडी घासताना मान वर केली की नजर जेथे पडेल, ती जागा. मग ती उठली आणि मला घेऊन तेथे गेली.

त्या बाजूला वणव्याचा कचरा कमी होता. लाल काड्या विरळ होत गेल्या. ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात एका दुपारी मी गुरगुरले, मग हातभर सरकून पुन्हा गुरगुरले. दोन्ही आवाज सारखे, खोल आणि अरुंद. खिळा आडवा पडतो, त्याचा आवाज पसरट येतो. हे काहीतरी उभे होते. ऊनाने गुडघे टेकले, गवताची ढेप उचलली आणि बोटांनी माती बाजूला केली. वीतभर खाली एका लोखंडी दांड्याचे तोंड लागले. वरून मोडलेले, पण दांडा खाली सरळ गेलेला. त्याच्यावर दोन कडी आणि मधे मणी, अशी ओतीव नक्षी होती. दुसऱ्या जागीही तसाच. वणव्यानंतर जमीन साफ करताना कुणीतरी यंत्राने वरचा सांगाडा उपटला असणार आणि पाय मोडून आतच राहिले असणार. तिने याहून खोल बोट घातले नाही. माती परत लोटली, ढेप बसवली. मग लांबीच्या बाजूला मोजून सरकली. तेथे तिसरा आवाज.

चौथ्या कोपऱ्यावर मी काहीच बोलले नाही.

ऊनाने तबकडी जमिनीला घासेपर्यंत खाली नेली. उभी नेली, आडवी नेली. पोटाशी धरलेले ऊबदार सेल घातले. मी गप्प. खोटे बोलणे मला जमत नाही. तेथे धातू नव्हता.

तिने रेन्झोला बोलावले. त्याने प्रामाणिकपणे पाहिले. उकिडवा बसून एका पायावरची माती पुसली. मग टोपी मागे सारून म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नका, बाई. पण हे कोंबड्यांच्या खुराड्याचे खांबही असतील. तीन कोपरे काय, कशाचेही सापडतात. माझ्या नांगरवाल्याला मी काय सांगू? हा तुकडा सोडायचा तर वेली चढवायच्या तारांची रांगच तिथे तोडावी लागेल. माझी खात्री पटायला हवी.”

“खणून बघ, असं म्हणतोस का?”

“नाही,” तो घाईने म्हणाला. “ते मी कधी म्हणणार नाही.”

ती घरी आली. मला टेबलावर ठेवून तिने चहा केला आणि प्यायला विसरली. महिना सरत आला होता. खाटेला पाय चार. तीन आहेत. चौथा कुणी नेला? वॉम्बॅट लोखंड खात नाहीत. नांगर त्या जमिनीत कधी गेलेला नाही. त्या उतारावर इतक्या वर्षांत बारीकसारीक उचलून नेणारे होते तरी कोण?

ऊना ताडकन उठली. मला हाताशी घेऊन ती शेडमध्ये गेली.

शेडच्या कोपऱ्यात क्लेमचे पिंप होते. रानातून आणलेला कचरा तो त्यात टाकी, आणि पिंप भरले की भंगारात देईन म्हणे. त्याने ते कधी दिले नाही आणि ऊनाने त्यावरून बोलणे कधी सोडले नाही. आता तिने जमिनीवर पोती अंथरली आणि सगळा जोर लावून ते आडवे केले. गंजलेल्या तारा, डब्यांची झाकणे, नाल, बिजागऱ्या यांचा ढीग पोत्यांवर पसरला. ती गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा हातात घेऊ लागली. शेडच्या दारातून येणारे ऊन ढिगावरून सरकत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले, तेव्हा तिचा हात थांबला.

तिच्या हातात हातभर लांबीचा एक दांडा होता. वरून मोडलेला. दोन कडी आणि मधे मणी. आणि खालच्या टोकाला हिरवे पडलेले पितळेचे लहानसे चाक.

मित्रांनो, पितळ माझ्या कानाला सोन्यासारखेच गोड लागते. बाकीच्या तीन पायांची चाके खोल गाडलेली होती. या पायाखाली कधीतरी वॉम्बॅटने उकरले असावे आणि तो आडवा पडून चाक वर आले असावे. एखाद्या रविवारी ते चाक गोड वाजले असणार आणि क्लेमने आशेने खणले असणार. मग आपल्या रिवाजाप्रमाणे कचरा पिशवीत टाकला, खड्डा बुजवला, ढेप अशी बसवली की मागमूस राहिला नाही. ऊना तेव्हा बहुधा चार पावलांवर बसून त्याच्यासाठी चहा ओतत होती.

ती दांडा मांडीवर घेऊन पोत्यावर बसली.

“क्लेम ट्रेलोर,” ती म्हणाली, “किती टापटिपीचा रे तू.” आणि मग ती रडली. मी तिला त्याआधी रडताना पाहिले नव्हते, क्लेमच्या वेळीही नाही.

दुसऱ्या सकाळी रेन्झोने तो पाय उतारावर नेऊन जमिनीतल्या पायाशेजारी धरला. कड्याला कडे, मण्याला मणी. त्याने ते चाक अंगठ्याने फिरवून पाहिले. ते फिरले नाही.

“खुराड्याला चाकं नसतात,” तो म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला, चार पावले दूर गेला आणि नांगरवाल्याशी बोलू लागला. बराच वेळ हातवारे करीत होता. परत आला तेव्हा म्हणाला, की झाडापासून त्या ओळीपर्यंतचा तुकडा तसाच राहील आणि नकाशावरही तशी खूण होईल. त्याच्या आईला हे कळल्यावर वेगळे काही केले असते तर तिने त्याला घरात घेतले नसते, असेही तो म्हणाला.

नांगर येण्याच्या आदल्या शनिवारी एर्नीला उतारावर आणले. वृद्धनिवासातल्या बाई थंडीमुळे नाही म्हणत होत्या. ऊनाने त्यांना सांगितले, की तो सात वर्षांचा असताना याहून मोठ्या थंडीत तेथे उभा राहिला होता. रेन्झोने त्याला खुर्चीसकट आपल्या गाडीच्या मागच्या फळीवर चढवले आणि दोरीने बांधले. तो दोन घोंगड्यांत गुंडाळलेला होता. मी मेंढी आहे की सरपण, असे तो वाटेत विचारत होता.

चौथ्या कोपऱ्यावर ऊनाने ढेप उचलली. क्लेमने कधीकाळी खणलेली माती तेथे अजून मऊ होती. एर्नीने चाक खाली, असे सांगितले. तिने तो पाय उभा धरून हळूहळू आत दाबला. रेन्झो पुढे झाला, पण तिने हाताने त्याला थांबवले. मग मूठमूठ माती लोटली, ढेप बसवली आणि बुटाने चारी बाजूंनी दाबली.

माझे सारे आयुष्य जमिनीतून वस्तू काढण्यात गेले. जमिनीत परत ठेवलेली अशी ही एकच.

ऊनाने हेडफोन एर्नीच्या कानांवर चढवले आणि मला हातात घेतले. कधी नव्हे ते मला आधी ठाऊक होते, की आपण काय ऐकणार आहोत. एका कोपऱ्यावर मी गुरगुरले. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. आणि चौथ्यावर, ताज्या मातीतून, सगळ्यांत मोठ्याने.

एर्नी डोळे मिटून ऐकत होता.

“बाबांसारखं घोरतंय,” तो म्हणाला.

ऊना हसली. मग त्याने खुर्ची वळवायला सांगितली. रेन्झोने ती वळवली. वर, जळालेल्या घराच्या दगडांकडे, जेथे खिडकी होती त्या मोकळ्या जागेकडे एर्नी पाहत राहिला.

“आता पुन्हा वाजव,” तो म्हणाला.

तिने पुन्हा वाजवले. तिचे हात दमले, माझे सेल दमले, तरी आम्ही थांबलो नाही.

सोमवारी नांगर आला. त्याने उतारावर लांबच लांब सरळ रेघा ओढल्या. त्या रेघा झाडाजवळ येऊन थांबतात आणि थोडी जागा सोडून पुढे सुरू होतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला नांगरवाला चुकला असे वाटते. वाटू दे. त्या संध्याकाळी ऊनाने मला शेडमध्ये नेले नाही, स्वयंपाकघरात दारामागच्या खुंटीवर टांगले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे जुने यंत्र खुंटीवर असेल. त्याला पुसा, गळू नयेत म्हणून त्याचे सेल काढून ठेवा, ते अजून ऐकू शकते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय कुठे आहे ते विचारा. सगळ्यांना ठाऊकच आहे असे समजून ती गप्प बसलेली असतात. डावे-उजवे चुकले तर रागावू नका, तोंड कुठे होते तेवढे विचारा. आणि कुणी चुकून उचलून नेलेली वस्तू परत ठेवायला आला, तर त्याच्याशेजारी गुडघे टेका आणि खड्डा बुजवायला हात लावा.